अ, ॲन, द चुकलं तर मार्क कापावेत का?

लालबागची आई : काल लेकीची सहावीची वही बघितली. एका निबंधात आर्टिकलसाठी अकरा लाल गोल! 'शी इज डॉक्टर' लिहिलं म्हणून अर्धा मार्क गेला. 'ती डॉक्टर आहे' यात मध्ये काही लागतं का आपल्याला? मग पोरीला सुचणार कुठून? राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, पण अजून नुसते नियम घोकून घेतात. अर्थ पोचला ना, मग पुरे. आता ती इंग्रजीत तोंडच उघडत नाही.

परळकर : ताई, अर्थ पोचत नाही, तिथेच घोळ होतो. मी ऑफिसातून मेल केला, 'प्लीज सेंड अ रिपोर्ट'. समोरच्याने हाताला लागला तो जुना रिपोर्ट पाठवला. मला मीटिंगमध्ये ठरलेलाच हवा होता, म्हणजे 'द रिपोर्ट'. अख्खी दुपार गेली त्यात. 'फ्यू पीपल केम' म्हणजे फारसं कोणी फिरकलंच नाही, 'अ फ्यू' म्हटलं की चार जण तरी आले. एका अक्षरात सभा पडली की झाली ते ठरतं. गोल हवेतच.

लालबागची आई : तो ऑफिसचा मेल झाला हो. अकरा वर्षांच्या पोरीच्या निबंधाला तोच काटा लावायचा?

दादरची शिकवणीवाली : गोल करा, मार्क कापू नका. आणि हा भेद मराठीत नाही असं मुलांना सांगू नका. 'डॉक्टर शोध' म्हणजे कुठलाही, 'डॉक्टरांना शोध' म्हणजे आपले नेहमीचे. मी इथूनच सुरुवात करते, मुलांना पटकन कळतं. अ की ॲन हे कानावर सोडा : 'ॲन एमएलए', कारण उच्चार 'ए'ने सुरू होतो, 'अ युनिव्हर्सिटी', कारण तिथे 'य' ऐकू येतो.

परळकर : आणि मुंबईला 'द' नाही, अरबी समुद्राला आहे. चर्चगेटला नाही, गेटवे ऑफ इंडियाला आहे. हे कुठल्या कानाने कळणार? पाठच करावं लागतं.

दादरची शिकवणीवाली : समुद्र, नद्यांना 'द' लागतो, शहरांना सहसा नाही, एवढं पाठ करावंच लागतं. बाकीचं वाचून अंगवळणी पडतं. लाल शाईने नाही.

लालबागची आई : 'डॉक्टर शोध' आणि 'डॉक्टरांना शोध' आत्ताच लेकीला विचारलं. फरक तिने लगेच सांगितला. तो अर्धा मार्क मात्र मला अजून पटलेला नाही.