कादंबरीवरून ऑर्केस्ट्रासाठी रचना: सगळं गढूळ वाजतं आणि मारवा हरवतो

महाल_वरचा_सा

एका मराठी अद्भुतरम्य कादंबरीवर सहा मिनिटांची वाद्यरचना लिहून राहिलो. लेखक हयात आहेत, म्हणून नाव देत नाही. शब्द नाहीत, नुसती वाद्यं. (ऑर्केस्ट्रा म्हणजे लग्नात सिनेमाची गाणी वाजवणारा नव्हे, हे आपल्या नागपुरात आधीच सांगितलेलं बरं.) कथेतल्या तीन गोष्टी घेतल्या आहेत: जंगलात जमिनीखाली गेलेली नदी, तिची राखण करणारी म्हातारी आणि किल्ल्यातली मुकी फौज. म्हातारीला मारवा राग दिला आहे.

म्यूझस्कोर ४ या स्वरलिपी लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या वाद्यांच्या ओळी उघडून थेट लिहितो. सगळे एकदम वाजले की आवाज गढूळ होतो. फौजेचे हॉर्न आले की नदीची बासरी, म्हणजे पाश्चात्त्य फ्लूट, ऐकूच येत नाही. मारव्याखाली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, टाकले की मारवा राहतच नाही. शेवटी एक खरं व्हायोलिन घरीच रेकॉर्ड करायचं आहे. कुठून दुरुस्त करू?

धरमपेठ_चौथी_ओळ

आधी त्या वीस-पंचवीस ओळी बंद करा. चार ओळींचा कच्चा आराखडा लिहा: सुरावट, प्रतिसुरावट, मधली भर आणि बास. पियानोवर हे चार आवाज स्पष्ट ऐकू आले नाहीत, तर ऐंशी वादकांतही येणार नाहीत.

लांबीचा हिशेब आत्ताच करून टाका. चार मात्रांचं माप (बार) आणि मिनिटाला ७२ मात्रांची लय धरली तर सहा मिनिटांत १०८ मापं बसतात. नदीला २४, म्हातारीला २८, फौजेला ३२ आणि परत येणाऱ्या नदीला २४. कादंबरीतला चौथा प्रसंग घुसवायचा मोह झाला, तर या तिघांपैकी कोणाची मापं कापणार ते आधी ठरवा.

थीम दोन ते चार मापांचीच ठेवा आणि नुसत्या टाळ्यांवर ओळखू येते का ते पाहा. तिन्हींचा ठेका सारखा असेल तर राग वेगळे घेऊनही ऐकणारा गोंधळतो. रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हची अरबी सुरस कथांवरची ‘शेहेराझाद’ (१८८८) स्वरलिपी समोर ठेवून ऐका. सुलतानाची सुरावट सुरुवातीला खालच्या वाद्यांवर दणकट, एकसुरात येते. शेहेराझाद म्हणजे हार्पच्या साथीनं वाजणारं एकटं व्हायोलिन. अगदी शेवटी सुलतानाचीच सुरावट खालच्या तारांत शांत होऊन येते. सुलतान बदलला हे वाद्य आणि जोर बदलून कळतं, सूर बहुतांशी तेच असतात. तुमच्या फौजेलाही हेच करता येईल.

आता गढूळपणा. चेलो, बासून आणि ट्रॉम्बोन तिघंही एकाच खालच्या सप्तकात जवळजवळचे सूर धरतात, तिथेच घोळ होतो. पियानोच्या मधल्या सीच्या खाली एक सप्तक उतरलात की त्याखाली दोन आवाजांत निदान पंचमाचं, शक्यतो सप्तकाचं अंतर ठेवा. ‘सी-ई’सारखी जवळची जोडी तिथे घुरघुरते, कारण दोन्ही सुरांचे उपस्वर एकमेकांवर घासतात. आणि डबल बास लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो. चेलोच्याच जागी लिहिलात की सप्तकाची जोड आपोआप मिळते, त्याला मुद्दाम आणखी खाली ढकलू नका.

फ्लूटबद्दल त्याच रिम्स्की-कोर्साकोव्हचा ठोकताळा आहे: जोरात वाजताना एक ट्रम्पेट बरोबर दोन हॉर्न, आणि एक हॉर्न बरोबर दोन लाकडी वाद्यं. चार हॉर्नसमोर एक फ्लूट म्हणजे आठास एक. त्यात फ्लूटचं पहिलं सप्तक, मधल्या सीपासून वरचं, श्वासाळ आणि नाजूक असतं. तीच ओळ दोन सप्तकं वर न्या, किंवा हॉर्न हळू करा. हळू वाजताना फुंकीची वाद्यं बरीचशी समपातळीवर येतात. म्यूझस्कोरच्या मिक्सरमध्ये फ्लूट वर करून समाधान मानू नका, खऱ्या वादकांपुढे ती पट्टी नसते.

श्वासही मोजा. ७२ लयीत चार मापं म्हणजे तेरा सेकंदांहून जास्त. सॅम्पलचा, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या आधी रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा, ट्यूबा ते निवांत धरतो, जिवंत ट्यूबावाला जोरात धरू शकत नाही.

सक्करदरा_कोमल_रे

मारव्याचं मी सांगतो, कारण इथे चूक वाद्यरचनेची नाही.

सा म्हणजे सी धरा. मारव्याचे सूर होतात सी, डी फ्लॅट, ई, एफ शार्प, ए, बी. पंचम वर्ज्य, म्हणजे जी नाही, म्हणजे सावर उभा राहणारा सी मेजर बनतच नाही. तो बनवायला जी घातला की राग संपला. उलट ए, डी फ्लॅट (कानाला सी शार्पच) आणि ई हा ए मेजर आयता मिळतो, एफ शार्प मायनरही मिळतो. पण ते वाजले की कान धैवतालाच सा समजू लागतो. तुमचा मारवा इथे हरवतो.

म्हणून म्हातारीच्या २८ मापांत कॉर्ड नकोच. सा-पचा आस, म्हणजे खाली सतत धरलेला सूरही नको, तानपुरासुद्धा मारव्यात पंचमाऐवजी नि किंवा ध लावून घेतात. बासमध्ये ध धरला तर वरचाच धोका, म्हणून व्हायोलावर मधला नि अगदी हळू धरा आणि बास पूर्ण गप्प ठेवा. सुरावट इंग्लिश हॉर्नला द्या. (ते लिहिल्यापेक्षा पंचमाने खाली वाजतं. म्यूझस्कोरमध्ये ‘कॉन्सर्ट पिच’ चालू ठेवून लिहा, म्हणजे वाजतो तोच सूर दिसतो.) दुसऱ्या व्हायोलिनना तीच सुरावट अर्ध्या मात्रेनं मागून, निम्मे सूर गाळून द्या. सारंगी गाण्यामागे चालते तसं. भर येते आणि रागाला धक्का लागत नाही.

मुक्काम कोमल रे आणि ध वर ठेवा. ग आणि नि वर थांबत राहिलात तर हेच सूर पूरिया राग होतात, आणि सगळं तार सप्तकात नेलं तर सोहनी. सा शक्यतो टाळत जा.

आणि ए मेजरची जी खोड आहे, ती फौज येताना वापरा. म्हातारीच्या शेवटच्या धैवताखाली चेलो आणि बासनी ए धरला की एका मापात जमीन सरकते. फौज ए मायनरमध्ये चालू करा.

महाल_वरचा_सा

बास काढून ऐकलं. म्हातारी एकदम सुटी झाली. पण नदी भैरव रागात आहे, तिथेही कॉर्ड काढू का?

सक्करदरा_कोमल_रे

नाही बाप्पा, भैरव उदार आहे. सीवरच सी मेजर, डी फ्लॅट मेजर, ई मायनर, एफ मायनर हे सगळे त्याच सात सुरांत बसतात. फक्त दर मापाला बदलू नका, चार-चार मापं एकच धरा. आणि कोमल रे-ध वर आंदोलन (सुराचा संथ झोका) हवं असेल तर ते फ्लूटकडून मागू नका, एकट्या व्हायोलिनला द्या.

कूलर_बंद_करा

रेकॉर्डिंगचं. म्यूझस्कोरमधून प्रत्येक वाद्याची वेगळी डब्ल्यूएव्ही फाइल काढा आणि रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर मांडा. आवाजाची लाट पुढे तिथेच दुसऱ्या सॅम्पल लायब्ररीवर घडवायची असेल तर सीसी १ आणि सीसी ११ (आवाज बदलणाऱ्या मिडीतल्या दोन रेषा) हातानं आखा. बहुतेक तारवाद्यांच्या लायब्रऱ्यांत सीसी १ ने आवाजाचा पोतही बदलतो, सीसी ११ ने नुसता जोर. दोन्ही एकत्र वर-खाली केलेत तर हार्मोनियमचा भाता वाटतो. लेगाटो (सूर जोडून वाजणारे) सॅम्पल थोडे उशिरा बोलतात, म्हणून त्या ट्रॅकला उणे विलंब द्या, म्हणजे तो तेवढा आधी सुरू करा, लायब्ररीनुसार ६० ते २०० मिलिसेकंद. रिव्हर्ब (खोलीचा घुमारा) सगळ्यांना एकच, दोन सेकंदांच्या आसपास, आणि त्याच्यात जाणारा १५० हर्ट्झखालचा आवाज कापून टाका. अर्धा गढूळपणा तिथूनही येतो.

व्हायोलिनवादक हिंदुस्थानी पद्धतीचे असतील तर आधी विचारा की तारा कशा लावता आणि सा कोणता. बरेच जण जी-डी-ए-ई लावत नाहीत, सा-प लावतात. त्यांचा सा डी असेल तर सगळी रचना टूल्समधल्या ट्रान्सपोजनं डीवर न्या, वादकाला सीवर ओढू नका. पण नेल्यावर हॉर्न आणि ट्रम्पेटचे वरचे सूर पुन्हा तपासा. पाश्चात्त्य स्वरलिपीऐवजी भातखंडे लिपीत पानभर लिहून द्या: कोमलला खाली आडवी रेघ, तीव्र म ला वर उभी, आणि मापांचे आकडे वर. सोबत क्लिकसह (मात्रा मोजणारी टकटक) एक गाइड ट्रॅक.

त्याच ओळीवर सॅम्पलचा ओबो एकसुरात ठेवू नका. वादक कोमल रे कानानं उतरवणार, सॅम्पल पियानोच्या पट्टीवर राहणार, आणि दोघं मिळून बेसूर वाटतील.

माइक व्हायोलिनपासून एक ते दीड मीटर, थोडा वर. पातळी शिखराला उणे १२ डेसिबलपर्यंत. हेडफोन बंद कपाचे, नाहीतर क्लिक माइकमध्ये शिरते. आणि मे महिन्यात काऊन रेकॉर्ड करता? करायचंच असेल तर पहाटे करा. कूलरची घरघर गजाच्या आवाजाच्याच पट्ट्यात पसरलेली असते, ती नंतर काढायला गेलात की गजाची खरखरही जाते. शिवाय कूलरच्या ओलाव्यातून कोरड्या खोलीत आणलेलं व्हायोलिन दर दहा मिनिटांनी सूर सोडतं.

हॉर्नऐवजी खरं पितळ हवं असेल तर बँड पथकात ट्रम्पेट आणि युफोनियम मिळतात. अनेक जण कानानं वाजवतात, म्हणून त्यांना गाइड ट्रॅक दोन-तीन दिवस आधी द्या. मोकळ्या मिरवणुकीत वाजवायची सवय असते, खोलीत माइक तीन मीटर तरी लांब ठेवा.

सदर_पान_पलटा

लेखक हयात आहेत, तेवढं एक. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात साहित्यकृतीचं संरक्षण लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं असतं. कथेची नुसती कल्पना संरक्षित नसते, म्हणून शब्दांविना रचना सहसा अडत नाही. पण मधे एखादा उतारा वाचून घेणार असाल किंवा कवितेच्या चार ओळी गाऊन घेणार असाल, तर लेखी परवानगी लागते. मुखपृष्ठाचं चित्र व्हिडिओला लावायचं असेल तर त्या चित्रकाराचा हक्क निराळा असू शकतो, प्रकाशकाला दोन्ही गोष्टी एकाच पत्रात विचारा. पत्राला रचनेचा दीड मिनिटाचा तुकडा जोडा, सहा मिनिटं पाठवू नका.