अनुभव धागा: नाटक बघताना आपलंच घर दिसलं तेव्हा

महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' पहिल्यांदा रंगमंचावर आलं १९८५ साली, विजया मेहतांच्या दिग्दर्शनात. मी तेव्हा शाळेत होते आणि माझ्या आजोळी, यवतमाळकडे, तसाच एक वाडा पडत चालला होता. नाटक मात्र मी फार उशिरा पाहिलं. चंद्रकांत कुलकर्णींनी ते पुन्हा उभं केलं तेव्हा, कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात, आईला शेजारी बसवून.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजी वारलेत. मुंबईचा मुलगा सुधीर बायकोला घेऊन आलाय. तेरवीचा खर्च कोणी करायचा, वाटण्यांचं काय, घरातलं सोनं कोणाकडे आहे, हे सगळं हळूहळू वर येत जातं. त्यात रात्रीचा एक प्रवेश आहे. थोरली वहिनी घराण्याचे सगळे दागिने अंगावर घालते आणि त्या पडक्या वाड्यातून चालते. प्रेक्षागृहात चिटपाखरू नसल्यासारखं झालं होतं. त्याच वेळी आईने माझं मनगट धरलं. माया म्हणून नाही, पडताना आधार धरावा तसं.

मध्यंतरात ती जागची उठली नाही. नाटक संपल्यावर रिक्षात बसलो. कर्वे पुतळा मागे गेल्यावर म्हणाली, "आपलं सोनं चोरीला गेलं नव्हतं."

आमच्या घरात चाळीस वर्षं एक गोष्ट सांगितली जायची. आजोबांच्या तेरवीच्या गडबडीत आजीच्या पाटल्या, गोठ आणि एक पोहेहार गेला, आणि तो धुणंभांडी करणाऱ्या बाईने नेला. त्या बाईला त्याच दिवशी घराबाहेर काढलं होतं. गावात तिला पुन्हा कोणी कामाला ठेवलं नाही. आई म्हणाली, "दादाने सावकाराकडे ठेवलं होतं. मी पाहिलं होतं त्याला बांधून नेताना. आजीच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात." दादा म्हणजे माझा मामा. आई तेव्हा एकोणीस वर्षांची होती, लग्न ठरलेलं होतं, आणि ती बोलली नाही.

घरी आल्यावर तिने चहा टाकला. दोन कप आधण ठेवलं आणि साखर घालायची विसरली. तसाच प्यायलो.

म्हणून हा धागा. घरातलं दडवलेलं उघडं पाडणारं कोणतंही नाटक चालेल. प्रयोग चालू असताना तुमच्या रांगेत काय झालं आणि घरी परतताना काय झालं, ते लिहा. नातेवाइकांची नावं नकोत, नातं पुरे.

गिरगाव, वय ७६

विजय तेंडुलकरांचं 'गिधाडे'. डॉ. श्रीराम लागूंनी १९७० साली बसवलं. मी थोरल्या भावाबरोबर गेलो होतो. त्यातल्या माणिकच्या साडीवरचा रक्ताचा डाग सेन्सॉरला चालला नाही, म्हणून तो निळा केला होता, आणि हा निळा डाग लाल समजावा असं प्रयोगाआधी सांगितलं गेलं. लोक थोडे हसले. मीही हसलो. प्रत्यक्ष डाग आला तेव्हा कुणाचा श्वाससुद्धा ऐकू येईना. आमच्या मागच्या रांगेतले एक गृहस्थ बायकोला घेऊन निघून गेले. खुर्च्या धाडधाड वाजल्या.

मी सांगणार आहे ते वेगळं आहे. त्या नाटकातले मुलगे बापाकडून पैसे काढायला त्याला मारतात. आम्ही मारलं नव्हतं. आमचे वडील अर्धांगाने पडलेले होते तेव्हा भावाने कागद पुढे धरला आणि त्यांचा अंगठा शाईत मी बुडवला. बहिणींना कळू दिलं नाही. नाटकानंतर चर्नी रोड स्टेशनपर्यंत आम्ही चालत आलो. भाऊ एवढंच म्हणाला, "असली नाटकं बंद केली पाहिजेत." त्यानंतर तो कधीही नाटकाला आला नाही. बहिणींचा वाटा मी माझ्यापुरता दिला, पण पंधरा वर्षांनी. एक बहीण तोवर गेली होती.

अकोला

'वाडा चिरेबंदी'तल्यासारखा आमच्याकडे ट्रॅक्टर नव्हता, जीप होती. आजोबाची. अंगणात सडली पण विकू देली नाही कोनाले. नाटकात तो ट्रॅक्टर दिसला आन् माझा काका मोठ्यानं म्हणाला, "अरे, हे तं आपलंच आहे ना बाप्पा!" समोरच्या चार रांगा मागं वळून पाहू लागल्या. पुढं काका काहीच बोलला नाही. रुमाल काढून बसला. लय भारी नाटक आहे, आपली बोली स्टेजवर ऐकली का पोटात कसंतरीच होते.

नाशिक

मला वेगळं मत मांडायचंय. मी 'वाडा' बघताना मध्येच उठून आले. आमच्या घरात एका मुलीच्या बाबतीत जे झालं ते चार भिंतींत दाबलं गेलं आणि ती मुलगी मी आहे. नाटकात घरातली मुलगी, रंजू, शिकवणीच्या मास्तरबरोबर पळून गेल्याचं कळतं आणि पहिली चिंता पडते ती अब्रूची, मग दागिन्यांची. आजूबाजूचे लोक "काय लिहिलंय!" म्हणून माना डोलवत होते. मला ते सोसलं नाही. लेखकाचा दोष नाही, त्याने खरंच लिहिलंय. पण ज्यांच्यावर बेतलंय त्यांनी तिकीट काढून पुन्हा ते कशाला बघायचं? कोणी म्हणतात मोकळं वाटतं. मला वाटलं नाही. मला बाहेर पार्किंगमध्ये उलटी झाली. पाणी आणून देणाऱ्या वॉचमनकाकांनी काही विचारलं नाही, त्यांचे उपकार आहेत.

सांगली, हौशी कलाकार

राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत आम्ही 'वाडा' केलं होतं. मी वहिनी. दागिने भाड्याचे, पितळेवर पाणी दिलेले. तालमीत मी ते घालून फार डौलात चालायचे. दिग्दर्शक म्हणाला, "तू नवरी नाहीस. जे आपलं नाही ते अंगावर घातलंयस, आणि ते तुला माहीत आहे." मग चाल बदलली.

रंगमंचावरून प्रेक्षक दिसत नाहीत असं लोकांना वाटतं. पहिल्या चार रांगा दिसतात. त्या प्रवेशात एक वयस्कर बाई पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. प्रयोगानंतर त्या रंगपटात आल्या. मला वाटलं कौतुक करतील. त्यांनी माझ्या गळ्यातली ठुशी बोटाने सरळ केली आणि म्हणाल्या, "ही गळ्याला चिकटून बसते, एवढी खाली नसते." मग जरा थांबून, "माझी सासऱ्यांच्या दहाव्याला काढून घेतली. ननंदेच्या गळ्यात दिसायची सणासुदीला. मी तिला हळदीकुंकू लावायचे आणि बघायचे." एवढं सांगून त्या गेल्या. निकाल काय लागला ते आज मला पटकन आठवतही नाही, पण पुढच्या प्रयोगापासून मी ठुशी नीट बांधायला लागले.

ठाणे

आत्याला घेऊन गेलो होतो. तिचं लग्न झालं नाही, आजीआजोबांचं सगळं तिनेच केलं. 'वाडा'तल्या घरच्या लेकीला, प्रभाला, शिकायचं होतं आणि वडिलांनी शिकू दिलं नाही, हे आल्यावर आत्या माझ्याकडे वळून, भर प्रयोगात, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मला विलिंग्डन कॉलेजला प्रवेश मिळाला होता. पत्र आलं होतं." शेजारच्यांनी शुक् केलं. मी त्रेचाळीस वर्षांचा आहे. हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "हो, देवघराच्या फळीवर होतं ते पत्र. अण्णांनी ठेवलं होतं." अण्णा म्हणजे माझे आजोबा. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

धागाकर्ती

सगळ्यांचं वाचलं. नाशिकच्या ताई, तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. आईला तिकीट काढून देताना मी तिला विचारलंच नव्हतं की तुला हे बघायचं आहे का. मला ते आज कळलं.

काल तिला हे अनुभव वाचून दाखवले. गिरगावच्या काकांचं दोनदा वाचायला लावलं. मग तिने विचारलं, त्या बाईंची एक मुलगी होती, परकर पोलक्यात यायची आईबरोबर, ती आता कुठे असते ते दादाला ठाऊक असेल का.

मामा ब्याऐंशी वर्षांचा आहे. मी त्याला अजून फोन केलेला नाही.