शनिवारचा सिनेमा: काकांनी सुचवलेलं नाव

शिल्पा (बी-२०४): सर्वांना नमस्कार 🙏 शनिवारी क्लबहाउसमध्ये कुठला सिनेमा लावायचा? आज रात्रीपर्यंत नावं कळवा.

जोशी काका (ए-५०३): शिल्पा, माझं एक नाव लिहून घे. 'लायनहार्ट'. नायजेरियाचा सिनेमा आहे, दीड तासाचा. जेनेव्हीव्ह नाजी नावाच्या अभिनेत्रीने दिग्दर्शित केलाय आणि मुख्य भूमिकाही तिचीच आहे.

राणे (सी-१०१): काका, नायजेरियात सिनेमे बनतात हेच मला माहीत नव्हतं.

जोशी काका (ए-५०३): अरे, युनेस्कोने २००९ मध्ये आकडे दिले होते. २००६ या एका वर्षात आपल्याकडे १,०९१ सिनेमे झाले, नायजेरियात ८७२ आणि अमेरिकेत ४८५! तिथले बहुतेक थिएटरसाठी नसायचेच. व्हिडिओवर शूट करायचे आणि कॅसेट, सीडी करून थेट बाजारात विकायचे.

मी नऊ वर्षं लागोसला होतो, तेव्हा हे रोज बघायचो. ट्रॅफिक जामला तिथे 'गो-स्लो' म्हणतात. पिवळ्या डान्फो बसगाड्यांच्या मधून पोरं सीडीचे गठ्ठे घेऊन पळायची. कव्हरवर जेनेव्हीव्हचा चेहरा दिसला की आमचा ड्रायव्हर काच खाली करायचाच. रात्री लाइट गेली की वॉचमनच्या खोलीत छोटा जनरेटर सुरू. त्या जनरेटरला लोकांनी नाव ठेवलंय 'आय बेटर पास माय नेबर', म्हणजे शेजाऱ्यापेक्षा मी बरा. त्याच्या धडधडाटात एका टीव्हीपुढे सात-आठ जण दाटीवाटीने बसून तिचा सिनेमा बघायचे. संवाद नीट ऐकूही यायचे नाहीत, पण कोणी उठत नसे.

सुनंदा काकू (ए-३०२): भाऊजी, कोण कुठली ती? जरा नीट सांगा ना.

जोशी काका (ए-५०३): सांगतो वहिनी. जन्म १९७९ चा, आग्नेय नायजेरियातल्या इमो राज्यातली, इग्बो भाषा बोलणाऱ्या इग्बो समाजाच्या कुटुंबातली मुलगी, वाढली लागोसमध्ये. आठ भावंडं. आई शिक्षिका, वडील इंजिनिअर. आठव्या वर्षी टीव्ही मालिकेत काम केलं आणि १९९८ मध्ये सिनेमात आली. २००४ च्या सुमारास तिथल्या वितरकांनी मोठ्या कलाकारांवर बंदी घातली, कारण काय तर मानधन फार मागतात. त्यात हीसुद्धा होती. हिने त्याच काळात गाण्यांचा अल्बम काढला आणि २००५ मध्ये आफ्रिकेच्या अकादमी पुरस्कारात सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली. ते पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाले होते. मला तिचं हेच आवडतं. आपल्या कामाची किंमत तिने दुसऱ्याला ठरवू दिली नाही.

पुढे स्वतः निर्माती झाली, आणि २०१८ मध्ये 'लायनहार्ट' टोरांटोच्या महोत्सवात दाखवला. नेटफ्लिक्सने 'ओरिजिनल' म्हणून, म्हणजे स्वतःच्या नावाने, दाखवलेला हा नायजेरियाचा पहिला सिनेमा.

मीनल (बी-६०१): काका, ऑस्करमधून बाद झाला होता तोच ना हा?

जोशी काका (ए-५०३): हो, तोच. २०१९ मध्ये नायजेरियाने ऑस्करच्या परदेशी सिनेमांच्या विभागासाठी पहिल्यांदाच सिनेमा पाठवला, आणि नोव्हेंबरमध्ये तो अपात्र ठरवला. ९५ मिनिटांच्या सिनेमात इग्बो संवाद जेमतेम ११ मिनिटं, बाकी बहुतेक इंग्रजी.

मीनल (बी-६०१): पण नियम आधीपासूनच होता ना काका? इंग्रजी नसलेल्या सिनेमांसाठीच तो विभाग आहे. उद्या इंग्लंड, ऑस्ट्रेलियाचे सिनेमे तिथे आले तर छोट्या भाषांनी जायचं कुठे?

राणे (सी-१०१): २००४ ला भारताकडून आपला 'श्वास' गेला होता. लोकांनी पैसे जमवून दिले होते त्यांना. भाषेचा प्रश्नच आला नाही, अस्सल मराठी होता.

जोशी काका (ए-५०३): मीनल, नियम लेखी होता हे मान्य. त्याच वर्षी विभागाचं नाव 'परभाषा' बदलून 'आंतरराष्ट्रीय' केलं, नियम मात्र तोच ठेवला. पण नायजेरियात पाचशेहून जास्त भाषा आहेत गं. इग्बो माणूस उत्तरेकडच्या हौसा भाषेच्या माणसाशी धंद्याचं बोलणार कशात? जेनेव्हीव्हचं उत्तर तेच होतं. आम्ही असेच बोलतो, आमच्यावर राज्य कोणी करावं हे आम्ही निवडलं नव्हतं, आणि या भाषेने आम्हाला एकमेकांशी जोडलंय. कथेतली ट्रान्सपोर्ट कंपनी इग्बो भागातल्या एनुगू शहराची, बोलणी उत्तरेतल्या कानो शहराच्या कंपनीशी. सगळं इग्बोत केलं असतं तर तिथल्याच माणसाला खोटं वाटलं असतं. मी त्या ऑफिसांत बसलोय, म्हणून सांगतो.

मीनल (बी-६०१): हे पटलं. तरी छोट्या भाषांसाठी राखीव जागा असावी, हे माझं मत कायम.

जोशी काका (ए-५०३): असू दे की, बाळा. सिनेमा झाल्यावर पुन्हा बोलू.

सुनंदा काकू (ए-३०२): गोष्ट काय आहे पण?

जोशी काका (ए-५०३): वडिलांची बसकंपनी. मुलगी अदाएझे सगळं सांभाळते. वडिलांची तब्येत बिघडते आणि खुर्ची मिळते काकाला.

सुनंदा काकू (ए-३०२): आमच्या माहेरच्या दुकानात हेच झालं. अकरा वर्षं चोपड्या मी लिहिल्या. गल्ल्यावर बसवलं भावाला. तेव्हा कोणाला वावगंही वाटलं नाही. मला वाटलं होतं.

मीनल (बी-६०१): काकू ❤️ हे कधी बोलला नाहीत तुम्ही.

जोशी काका (ए-५०३): वहिनी, मग हा तुम्ही बघायलाच हवा. जेनेव्हीव्हने त्या काकाला खलनायक केलेलं नाही. दोघं मिळून कर्जातली कंपनी वाचवायला धडपडतात. काकाच्या भूमिकेत न्केम ओवो, तिथला लाडका विनोदी नट. वडील पीट एडोची. ८० च्या दशकातल्या टीव्ही मालिकांपासून नायजेरियात त्यांना घरोघरी ओळखतात. शेवट सांगत नाही.

शिल्पा (बी-२०४): मग ठरलं. शनिवार, संध्याकाळी ७. राणे दादा, स्पीकर तुमचा.

राणे (सी-१०१): आणतो.

सुनंदा काकू (ए-३०२): येते मी. पण खालच्या इंग्रजी ओळी पटापट वाचता येत नाहीत मला.

मीनल (बी-६०१): काकू, मी तुमच्या शेजारी बसते. हळूच मराठीत सांगत जाईन.