तळघराच्या भिंतीला ओल: ग्लासवूल लावून झाकू का?

पोपडे_पडले
नमस्कार मंडळी. आमच्या तळघराला तीन बाजूंनी माती आहे, चौथ्या भिंतीत वर दोन चिमुकल्या खिडक्या. पावसाळा लागला की उत्तरेची भिंत खालून हातभर ओली होते, पांढरी भुकटी सुटते. पुस्तकांची खोकी बुडातून मऊ पडली. गेल्या वर्षी भिंत घासून आतून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात दिले, सहा महिन्यांत फुगे आले. आता एक ओळखीचे म्हणतात, ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) भरा, वर जिप्सम बोर्ड ठोका, ओल दिसणारच नाही. शेजारच्या खोलीच्या लाकडी फरशीखाली सरपटत जावं लागेल एवढी पोकळी आहे, तळाला नुसती माती. तिथेही कुबट वास येतो.

वारा_खेळू_द्या
खिडक्या दिवसभर उघड्या ठेवा. हवा खेळली की ओल पळते. एवढं सोपं आहे.

ओळंबा
ताई, ग्लासवूल नको. "ओल दिसणार नाही" हे अगदी खरं आहे, मीही तेच केलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यात बोर्डाला सहज टेकलो तर कोपर आत गेलं. मागे सगळी काळी बुरशी, आणि कापूस ओल्या गोधडीसारखा खाली लोंबलेला.

आधी पाणी येतंय कुठून ते बघा. प्लास्टिकचा हातभर तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवा, दोन दिवस राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर मातीतून पाझर. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतली वाफ गार भिंतीवर थिजतेय. दोन्ही बाजूंना जमले तर दोन्ही दुखणी.

वाऱ्याच्या सल्ल्याबद्दल: बाहेर ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो, २४ अंशांच्या आसपास येतो. भिंत २२ अंशांवर असेल तर ती हवा आत घेणं म्हणजे भिंतीला घाम फोडणंच. दमट दिवसांत खिडक्या बंद, कोरड्या दिवसांत उघड्या.

भुकटी म्हणजे लोणा. पाणी भिंतीतून येताना क्षार घेऊन येतं, पाणी उडतं, क्षार राहतात. रंगाला फुगे आले कारण पाणी त्याला मागून ढकलत होतं. भिंतीमागे मीटरभर पाणी साचलं तर तळाशी दर चौरस मीटरला जवळपास एक टन दाब येतो, तिथे रंगाची काय कथा!

पोपडे_पडले
दादा, केलं. उत्तरेला भिंतीकडून ओलं, पूर्वेला खोलीकडून. बाहेर जाऊन पाहिलं तर पन्हळीचा पाइप उत्तरेच्या कोपऱ्यातच सुटलाय, जमिनीचा उतारही घराकडे.

ओळंबा
सापडला चोर. १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला तरी १,००० लिटर पाणी होतं. त्यातलं बरंचसं तुम्ही त्या कोपऱ्याला पाजताय. पाइप घरापासून दूर न्या, माती भरून पहिल्या तीन मीटरमध्ये १५ सेंटिमीटर तरी बाहेरच्या बाजूला उतार काढा. मग भिंतीवर ओलीची वरची रेघ पेन्सिलने आखा आणि चार-पाच जोरदार पाऊस जाऊ द्या. ओल रेघेच्या खाली उतरली नाही तरच बाहेरून खणून भिंतीला वॉटरप्रूफिंग आणि पायथ्याशी खडीत छिद्रांचा पाइप. ते काम खर्चिक, घाई करू नका.

पूर्वेच्या भिंतीला मात्र फोम चालेल. एक्सपीएसचे (पाणी न शोषणाऱ्या दाट फोमचे) बोर्ड भिंतीला सलग चिकटवा, मागे हवेला फट नको, सांधे टेपने बंद. फोम पेट घेतो, म्हणून जिप्सम बोर्ड इथे वरून हवाच. उत्तरेची भिंत कोरडी होईपर्यंत तिला हात लावू नका.

सरपटू
पोकळीचं मी सांगतो, आमच्याकडे हेच होतं. मातीवर ०.१५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड पॉलिथिन अंथरा, जोडाला फूटभर एकावर एक, कडा भिंतीवर वीतभर चढवून चिकटवा. मातीची वाफ थांबली की वास उतरतो. त्याआधी लाकूड टाचणीने टोचून पाहा. टाचणी सहज आत गेली तर आधी सुताराला बोलवा. गुडघ्याला जुनी उशी बांधून जा, मी नाही बांधली.

पोपडे_पडले
पाइप काल वळवला, रेघ आखली. लाकूड टणक आहे. आता पावसाची वाट बघतेय, हे आयुष्यात पहिल्यांदाच.