मदत हवी आहे: ब्लिस्टर कार्टनमध्ये भरण्याचे काम यंत्रावर नेताना

नमस्कार. आमच्या लहान कारखान्यात औषधी गोळ्यांचे ब्लिस्टर (गोळ्या बंद केलेले पत्ते) यंत्रावर तयार होतात. मात्र १० ब्लिस्टर मोजून, माहितीपत्रक घालून कार्टन बंद करण्याचे काम कामगार हातांनी करतात, आणि तेच आता कार्टनिंग मशीनकडे सोपवायचे आहे. आमच्या बॅच लहान आणि उत्पादने अनेक असल्यामुळे दर वेळी चेंज पार्ट (त्या-त्या कार्टनच्या मापाचे यंत्राचे भाग) बदलणे, मागील उत्पादनाचे एकही कार्टन वा पत्रक मागे राहिले नाही याची लाइन क्लिअरन्समध्ये खात्री करणे, यातच पाळी संपेल अशी शंका वाटते. अशा ठिकाणी ब्लिस्टर हाताने ठेवण्याचे अर्धस्वयंचलित यंत्र बरे, की पूर्ण स्वयंचलित?

पत्रक राहून गेलेले कार्टन ओळखायला केवळ चेकवेयर (प्रत्येक कार्टनचे वजन तपासणारा काटा) पुरेसा ठरतो का? पत्रक इतके हलके असते की ब्लिस्टर आणि पुठ्ठ्याच्या वजनातील नेहमीच्या फरकात ते सहज लपते, म्हणून पत्रकावरील फार्माकोड (औषधांच्या वेष्टनांवरचा साधा बारकोड) वाचणारा कॅमेरा मला अधिक विश्वासार्ह वाटतो. विक्रेते मात्र (स्वाभाविकच) स्वतःकडे असेल तेच पुरेसे म्हणतात.

शिवाय, हातभरणीला चालणारे आमचे कार्टन सक्शन कपने नीट उघडतील, की पुठ्ठा आणि घड्यांच्या रेषा बदलून घ्याव्या लागतील? ज्यांनी हा बदल प्रत्यक्ष केला आहे, त्यांनी व्हॅलिडेशनला (यंत्र ठरल्याप्रमाणेच काम करते हे नोंदींसह सिद्ध करण्याला) लागलेल्या वेळासह कृपया सविस्तर सांगावे.