बोअर आणि नळाचे पाणी एकाच पाइपमध्ये: एनआरव्ही पुरेसा आहे का?

प्रश्न (मंगळवार पेठ, कोल्हापूर): आमच्या जुन्या घरात महापालिकेच्या नळाचा आणि बोअरचा पाइप गच्चीवरील टाकीकडे जाण्यापूर्वी एकत्र येतात व दोहोंमध्ये फक्त एक व्हॉल्व्ह आहे. नळाला पाणी आल्यावर सुरुवातीला ते गढूळ असते आणि त्याला गटारासारखा वास येतो. प्लंबरने एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) बसवण्यास सांगितले आहे. तेवढ्याने भागेल का?

उत्तर १ (राजारामपुरी): भागणार नाही. एनआरव्हीच्या झडपेत वाळूचा कण किंवा क्षार अडकला, तर ती अर्धवट उघडी राहते आणि बाहेरून काहीच कळत नाही. दोन्ही पाइप पूर्णपणे तोडून वेगळे करावेत आणि बोअरचे पाणी संडास व धुण्यासाठी स्वतंत्र टाकीत घ्यावे. नळाच्या पाइपाचे तोंड टाकीतील पाण्याच्या सर्वोच्च पातळीच्या वर, पाइपाच्या व्यासाच्या किमान दुप्पट आणि कोणत्याही परिस्थितीत 25 मिलिमीटरपेक्षा कमी नाही, इतके उंच असावे; म्हणजे पुरवठ्याचा दाब उतरला तरी टाकीतील पाणी उलटे पाइपमध्ये ओढले जात नाही. बादलीत बुडवून ठेवलेली नळीही याच कारणाने घातक ठरते.

उत्तर २ (कसबा बावडा): वरील सल्ला योग्य आहे, पण वासाचे मूळ बहुधा वेगळे असावे. पाणी ठरावीक वेळीच सोडले जात असल्याने पुरवठा थांबताच पाइपमधील दाब उतरतो आणि गटारातून गेलेल्या गंजलेल्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपला छिद्र असेल, तर तेथील घाण आत ओढली जाते. गल्लीत कोणी थेट नळाला मोटर लावत असेल, तर ही ओढ आणखी वाढते. पावसाळ्यात पंचगंगेचाच गढूळपणा वाढत असल्याने केवळ रंगावरून निष्कर्ष काढू नये. आपल्या आणि शेजारच्या नळाच्या पाण्याची ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन शिल्लक असल्यास पिवळा रंग दाखवणारी चाचणी) एकाच वेळी करून घ्यावी. पिण्याच्या पाण्यात प्रति लिटर किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते. शेजारी पिवळा रंग आला आणि आपल्याकडे आला नाही, तर संशय आपल्याच जोडणीवर घ्यावा.

प्रश्नकर्ता: स्वयंपाकघरात आरओ आहे. जोडणी दुरुस्त होईपर्यंत त्यावर विसंबावे का?

उत्तर २: दात घासणे, भांडी व भाजी धुणे आरओच्या पाण्याने होत नाही, त्यामुळे तूर्त पाणी उकळूनच वापरावे. आणखी एक तपासणी आजच करता येईल: पुरवठा बंद असताना मधला व्हॉल्व्ह बंद करून बोअरची मोटर सुरू करावी आणि मीटरजवळचा नळ उघडावा. तेथून सतत धार आली, तर व्हॉल्व्ह गळतो आहे आणि आपल्या बोअरचे पाणी साऱ्या गल्लीच्या लाइनमध्ये जाऊ शकते.