जुन्या स्विफ्ट १.३ चं सस्पेन्शन घरीच बदलायचंय: आधी स्प्रिंगा की आधी शॉकअप?

तापीकाठ (जळगाव)

राम राम मंडळी. २००८ ची स्विफ्ट व्हीएक्सआय आहे, जुन्या १.३ पेट्रोल इंजिनाची. रनिंग १ लाख १८ हजार. इंजिन-गिअरबॉक्स ठणठणीत, पण चालवण्यात ती मजा राहिली नाही. कन्नड घाटात वळण घेताना गाडी आधी एका अंगाला कलते, मग दोन-तीनदा डोलून सावरते. खड्ड्यात पुढे डावीकडून टक-टक. उभ्या गाडीचं स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की ‘टंग्’. मागच्या टायरवरून हात फिरवला तर लाटा लागतात.

बेत असा: गाडी ३५ मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आणि चार गॅसचे शॉकअप आणायचे, सगळं घरीच बसवायचं. गॅरेजवाला म्हणतो नव्या स्प्रिंगा कशाला, आहेत त्यांचाच एक वेढा कापू. २ टनी ट्रॉली जॅक, दोन घोड्या (जॅक स्टँड), सॉकेट सेट, टॉर्क पाना एवढं आहे. जागा म्हणजे घरामागची पत्र्याची शेड, खाली काळ्या मातीवर मुरूम. सुरुवात कुठून करू आणि अजून काय मागवू?

घाटवळण (धुळे)

स्प्रिंगांचं तूर्त बाजूला ठेव भाऊ. तू लिहिलेल्या लक्षणांत स्प्रिंगचं एकही नाही.

डोलणं आणि टायरच्या लाटा म्हणजे शॉकअप संपले. चाक रस्ता धरून राहत नाही, उड्या मारत झिजतं. ‘टंग्’ येतो तो स्ट्रटच्या, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या पुढच्या खांबाच्या, वरच्या माउंटिंगच्या बेअरिंगमुळे. ते जाम झालं की स्टिअरिंगबरोबर स्प्रिंग पीळ घेते आणि एकदम सुटते. टक-टक बहुतेक स्टॅबिलायझरच्या (दोन्ही चाकं जोडणारी, कलणं आवरणारी दांडी) लिंक रॉडची, नाहीतर लोअर आर्मच्या (चाक खालून धरणारा हात) बुशची किंवा बॉल जॉइंटची. चाकं जमिनीवर असताना लिंक रॉड हाताने जोरात हलव, खेळ असेल तर तिथेच कळेल. मग चाक उचलून वर-खाली धरून हलव, म्हणजे बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग सापडेल. डावी-उजवी बाजू धरून हलवलंस तर टाय रॉड एंड. लोअर आर्मच्या बुशला टॉमी (लोखंडी दांडा) लावून बघ, रबर फाटलेलं उघडं दिसतं.

मागवायची यादी: पुढचे दोन स्ट्रट, मागचे दोन शॉकअप, वरची माउंटिंग बेअरिंगसह दोन, बम्प स्टॉप (शॉकअप पूर्ण दाबला की आदळतो तो रबर) आणि धुळीचे बूट (रॉडवरची रबरी टोपणं) चारही, लिंक रॉड दोन, मागच्या स्प्रिंगखालची-वरची रबरं, आणि लोअर आर्म गेले असतील तर जोडीच. एकाच बाजूचा शॉकअप कधी बदलू नये, ब्रेक दाबला की गाडी ओढते. बुटांवर पैसे वाचवू नकोस. आपल्याकडची बारीक माती पिस्टन रॉडला चिकटते आणि सील कापते, नवा शॉकअपसुद्धा वर्षभरात गळायला लागतो.

वेढा कापायचं नावच काढू नको. स्प्रिंगचा कडकपणा चालू (दाबले जाणाऱ्या) वेढ्यांच्या संख्येच्या उलट प्रमाणात असतो. ५ चालू वेढ्यांतला १ कापला की स्प्रिंग थेट २५ टक्के कडक होते, आणि तेच जुने मेलेले शॉकअप तिला आवरणार. गॅसने कापली तर त्या टोकाचं पोलाद मऊ पडतं ते वेगळंच. शिवाय टोकाचा जो आकार सीटमध्ये बसतो तोच गेलेला असतो. चाक खड्ड्यात लोंबलं की स्प्रिंग सैल होऊन सीट सोडते.

सातपुडा१३०० (शहादा)

यादी बरोबर आहे. बसवायच्या कामाचं मी लिहितो.

आधी जागा. मुरमावर घोडी टेकवू नकोस, वजन आलं की एक पाय रुततो. १८ मिमीचा प्लायवूड किंवा जाड फळी, घोडीच्या पायांपेक्षा दोन्हीकडून हातभर मोठी. मागच्या चाकांना ओट (अडण). घोडी जॅकिंग पॉइंटच्या खालीच, पत्र्याच्या कडेखाली नाही. काम पहाटे सुरू कर, मे महिन्यात दुपारी त्या पत्र्याखाली पाना हातात धरवत नाही. आदल्या रात्री सगळ्या नट-बोल्टवर गंज सोडवायचं तेल मारून ठेव, सकाळी पुन्हा एकदा.

पुढची दोन्ही चाकं एकदम उचल. एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर पिळलेला राहतो, लिंक रॉडचा बोल्ट निघता निघत नाही आणि निघाला तर झटका देतो. लिंक रॉडचा नट फिरवताना आतला स्टड बरोबर फिरतो, म्हणून टोकाच्या खाचेत एलन-की घालून तो धरायचा. ब्रेक होज आणि एबीएस असेल तर त्याची वायर स्ट्रटवरून मोकळी कर. नकल (चाकाचं बेअरिंग धरणारा भाग) आणि स्ट्रट जिथे जुळतात तिथे खिळ्याने खूण पाड, कॅम्बर (चाकाचा उभा कल) साधारण जागेवर येतो. ते दोन बोल्ट काढण्याआधी नकल तारेने बांधून घे. ती बाहेर झुकली तर ब्रेक होजवर ताण येतो आणि अ‍ॅक्सलचा आतला जॉइंट निसटतो. मग वरच्या माउंटिंगचे नट काढून स्ट्रट खाली घ्यायचा, शेवटच्या नटाला एक हात स्ट्रटला लावून.

आता खरं धोक्याचं. स्प्रिंग दाबल्याशिवाय रॉडवरच्या मधल्या नटाला पाना लावायचा नाही. स्प्रिंग दाबायच्या कॉम्प्रेसरचे दोन्ही हूक समोरासमोर, आटे ग्रीस लावून, दोन-दोन फेरे आलटून-पालटून. एका बाजूला जास्त दाब दिला की स्प्रिंग कमान होते आणि हूक सरकतो. एअर गन अजिबात नको. स्प्रिंगचं टोक भिंतीकडे, माणसाकडे नाही. स्प्रिंग सीटमध्ये मोकळी हलायला लागली की मगच नट. कॉम्प्रेसर हलका, पातळ हुकांचा मिळाला तर तो घेऊ नकोस. सरळ स्ट्रट काढून गॅरेजला ने, तिथल्या उभ्या मशिनवर दहा मिनिटांत उतरवून-चढवून देतात.

नवा स्ट्रट उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून वर सोड. आडवा ठेवल्याने आत हवेचा फुगा गेलेला असतो, तो निघतो. रॉड पक्कडीत धरू नकोस. एक ओरखडा, आणि सील गेलं.

बसवताना ज्या बोल्टमध्ये रबर बुश आहे, म्हणजे लोअर आर्म आणि मागच्या शॉकअपचे, ते हवेत लोंबत्या चाकावर फक्त हाताने घट्ट कर. पूर्ण आवळणं गाडी स्वतःच्या वजनावर उभी राहिल्यावर. लोंबत्या स्थितीत आवळले तर बुश कायम पिळलेलं राहतं आणि काही हजार किलोमीटरमध्ये फाटतं. बहुतेक गॅरेजमध्ये हे कोणी पाळत नाही. आवळायचे आकडे सर्व्हिस मॅन्युअलमधून घे. चाकाचे नट ८५ न्यूटन-मीटर.

मागचं सोपं. गाडी घोड्यांवर, अ‍ॅक्सल बीमखाली जॅक, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढ, जॅक सावकाश उतरव. स्प्रिंगा हाताने निघतात. ब्रेक होज ताणली जाते का तेवढं बघत राहा. स्प्रिंगचं खालचं टोक रबराच्या खाचेत बसायला पाहिजे, नाहीतर पहिल्या खड्ड्यात जागा बदलते आणि त्या बाजूची उंची वेगळी दिसते.

केळीचा_ट्रक (रावेर)

३५ मिमी जास्तच आहे. कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी, म्हणजे उरले १३५. पाच माणसं आणि डिकीत दादर ज्वारीची गोणी टाकली की अजून खाली. नियमातला गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद. आपल्या गावोगावचे कोणत्या नियमाचे, देव जाणे. ३५ मिमीने स्ट्रटचा दाबायचा प्रवासही तेवढाच कमी होतो, म्हणून गाडी सारखी बम्प स्टॉपवर आदळते. बाहेरच्या देशातल्या स्विफ्टसाठी मोजलेली उंची आपल्या गाडीवर तशीच उतरेल असंही नाही.

हवंच असेल तर २० मिमी, आणि तेही त्या स्प्रिंगांना जुळणाऱ्या शॉकअपबरोबर.

अजून एक. गाडी २००८ ची, म्हणजे १५ वर्षांनंतरचं आरसी नूतनीकरण ५ वर्षांचं. २०२८ ला पुन्हा आरटीओत तपासणी. गाडीच्या मूळ रचनेत फेरबदल करायला अडवणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. कंपनीसारखे शॉकअप-माउंटिंग बदलणं ही दुरुस्ती झाली. कापलेली स्प्रिंग तिथे समजावून सांगायला जड जाईल.

तापीकाठ (जळगाव)

पटलं. स्प्रिंगा रद्द, यादीप्रमाणे माल मागवतो. पण मग वळणात कलणं कमी कसं होणार? कोणी म्हणतो डिझेल स्विफ्टच्या पुढच्या स्प्रिंगा टाक.

घाटवळण (धुळे)

डिझेलच्या पुढच्या स्प्रिंगा जड इंजिनासाठी आहेत, पेट्रोलला लावल्या की नाक वर येतं आणि पुढून कडक लागते. नको. नवे शॉकअप बसले की कलणं तेवढंच राहील, पण ते सावकाश आणि एकदाच होईल. घाटात भरवसा त्यानेच येतो.

खरा फरक टायरने पडतो. व्हीएक्सआयला १६५/८० आर१४ येतो, झेडएक्सआयला १८५/७० आर१४. व्यास जवळपास सारखा, ६२० आणि ६१५ मिमी, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. टायरची भिंत थोडी बुटकी, पट्टा २ सेंमीने जास्त रुंद. लाटा पडलेले टायर तसेही काढायचे आहेत, पण शॉकअप बसवल्यावरच नवे घाल.

सातपुडा१३०० (शहादा)

अलाइनमेंट त्याच दिवशी नको. आधी फक्त टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असणं) अंदाजे बरोबर आहे का बघून घे, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहता कामा नये. २००-३०० किलोमीटर चालवून रबरं बसू दे, मग कॉम्प्युटर अलाइनमेंट. पुढे टो तेवढाच जुळवता येतो, कॅम्बर जुळवायची सोय कंपनीने दिलेली नाही. दोन्ही बाजूंच्या कॅम्बरमध्ये फार फरक दाखवला तर नकलचे दोन बोल्ट सैल करून, चाक आत-बाहेर दाबून पुन्हा आवळ, भोकांत थोडी जागा असते. चाकाचे नट ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क पान्याने तपास, आणि स्ट्रटचे बोल्टही.

व्हई जाई भाऊ, फक्त कॉम्प्रेसरशी घाई नको.